घाबरट माणसांची मोठी गाडी

शोरूममध्ये सात वर्षं काढली की डोक्यात किश्शांची अडगळ होते. एक काढायला जावं तर मागून तीन कोसळतात! आमच्या घरी प्रदीप म्हणतो, "तुला कुणी नुसतं 'कशी आहेस' विचारलं तरी तू कुठल्यातरी गिऱ्हाइकापासून सुरुवात करतेस." आता सवयच लागली, काय करणार!

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची, म्हणजे प्रदीपची, नोकरी आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात, म्हणून चेन्नईला आले, आणि पोरूरच्या बाजूला एका शोरूममध्ये पिकअप विकायला लागले. पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, ती गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आमच्या साहेबांना विनोद कळत नाहीत. रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम आहे. खरं सांगायचं तर त्यांच्या पिकअपची सीट आमच्यापेक्षा मऊ आणि अॅव्हरेजही बरं. तरी लोक आमचीच घेतात.

का घेतात, हे आम्ही डिलिव्हरीच्या दिवशी फॉर्मवर लिहून घेतो. "आपण हीच गाडी का निवडलीत?" लोक लिहितात पॉवर, लुक्स, स्टाइल. मी फॉर्म बाजूला ठेवते आणि फिल्टर कॉफी मागवते. दुसऱ्या घोटाला खरं बाहेर येतं. सात वर्षांत मला एकच कारण सापडलंय. भीती!

पहिली चार वर्षं मी ह्या लोकांना मनातल्या मनात हसायची. मग प्रदीपच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक पाळी चुकली तर सांभाळून घेऊ. दोन चुकवू नका." आमचं घर गल्लीच्या सगळ्यात खालच्या टोकाला, दारात छोटी हॅचबॅक, आणि इथला नोव्हेंबर-डिसेंबरचा पाऊस काही कुणाचं ऐकत नाही. तेव्हापासून माझं हसणं बंद झालं.

* * *

रामनाथन सर म्हणजे बँकेतून रिटायर झालेले मॅनेजर. राहायला मुडिच्चूरला, आणि तिथलं पुराचं पाणी सगळ्या चेन्नईला माहीत आहे. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि पेनाशेजारी सुतळीची गुंडाळी!

सर सीटवर बसले नाहीत, बॉनेट उघडायला सांगितलं नाही, काही नाही. सुतळीचं एक टोक जमिनीला लावलं आणि दुसरं वर धरलं. मध्ये एक गाठ होती.

"मॅडम, इंजिन हवा कुठून घेतं?"

मी जागा दाखवली. तिथून पाणी शिरलं की इंजिन गेलंच. गाठ तिच्या चार बोटं खाली आली. सरांनी चार बोटं तीन-तीनदा लावून पाहिली. पलीकडच्या शोरूममध्येही हाच कार्यक्रम करून आले होते, पण तिथल्या सेल्समनला हवेची जागाच सांगता आली नव्हती. संपला विषय!

"सर, ही गाठ कसली?"

"आमच्या हॉलमधलं पाणी," सर म्हणाले. "भिंतीवर रेघ आहे अजून. पेंटरला तेवढी सोडून रंगवायला सांगितलं."

बुकिंग झालं. सर खुशीत निघाले. मला मेलीला गप्प बसवत नाही ना! मी विचारलं, "आणि सर, ह्या वेळी पाच बोटं वर आलं तर?"

सर दारात थांबले. सुतळी खिशातून काढली, पुन्हा आत घातली.

"मॅडम, तेवढं नका विचारू."

फॉर्मवर त्यांनी काय लिहिलं, सांगू? "गुड लुक्स!"

* * *

कार्तिकचा किस्सा तर आमच्या शोरूममध्ये कुणीही सांगेल. पोरगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये, राहतो वेळच्चेरीला. वेळच्चेरीची एक रीत आहे. पावसाचा इशारा आला की लोक घरातली माणसं नंतर मोजतात, आधी गाडी नेऊन फ्लायओव्हरवर लावतात. दोन्ही कडांना गाड्यांची रांग लागते, पोलीससुद्धा कानाडोळा करतात.

कार्तिकची जुनी सेडान एकदा जागा न मिळाल्यामुळे खाली राहिली आणि बुडाली. म्हणून हा आमच्याकडे आला. टेस्ट ड्राइव्हला त्याने एकच वाक्य दहा वेळा म्हटलं, "आता फ्लायओव्हर बंद! आता घरी झोपणार!" पलीकडची गाडी मऊ होती, पण आमची दोन इंच उंच. दोन इंचांवर सौदा झाला.

पुढच्या डिसेंबरात इशारा आला. मी टीव्ही लावला तर बातमीत तोच फ्लायओव्हर, आणि रांगेत सगळ्यात पहिली आमची लाल पिकअप! तिच्या शेजारी छत्री धरून कार्तिक.

मी फोन केला. "अरे, ही पाण्यातून जाते म्हणून घेतलीस ना?"

"जाते हो मॅडम," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "पण मी नाही जाऊ शकत!"

* * *

राव मामा आणि मामी तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं कुणीतरी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र तमिळ चालीवर वाचतंय. मामी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मामांना पिकअप हवी होती आणि मामींना गाडीत बसायचंच नव्हतं.

पलीकडच्या शोरूमवाल्यांनी आपली गाडी खपवायला हौद्यावर फायबरचं झाकण फुकट देऊ केलं होतं. झाकण म्हटल्यावर मामी तिथून उठल्याच. आमच्याकडे आल्या आणि थेट मागच्या हौद्याकडे बोट केलं.

"मला इथं बसिव ग."

स्टूल आणलं, मामांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मामी नऊवारी सावरून हौद्यात बसल्या, वर बघितलं आणि शांत झाल्या.

मग सांगितलं. मोठ्या पुरात दोघं कारमध्ये अडकले होते. पाणी आत आलं, वायरिंग गेलं, दारं उघडेनात, काचा खाली येईनात. मच्छीमारांची होडी गल्लीत आली म्हणून वाचले. त्यांनी वल्ह्याने काच फोडली.

"पाणी आत, आमी आत," मामी म्हणाल्या. "काचेतनं तो मच्छीमार काय बोलतोय ते ऐकू येई ना. मला दार नको, काच नको, कायी नको. वर आकाश दिसूं दे."

मामांनी तिथेच सही केली. आजही देवळात जाताना मामा एकटे पुढे, आणि मामी मागे हौद्यात खुर्चीवर! पोलिसांनी एकदा अडवलं. मामींनी पुराची गोष्ट सांगायला घेतली. त्यांनी हात जोडून सोडून दिलं.

* * *

एक छोटासा सांगते, पण हा मी जेवताना सांगत नाही.

इथे नवी गाडी निघताना कोहळा फोडतात आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवतात. लिंबं चिरडून गाडी पुढे गेली की दृष्ट गेली. आमचे एक गिऱ्हाईक कॉन्ट्रॅक्टर. छोट्या गाडीत असताना हायवेवर त्यांना लॉरीने घासलं होतं, खांद्यात अजून सळई आहे. त्यांची मागणी एकच, "वजनदार पाहिजे. धडक बसली तर मला कळता कामा नये." दोन्ही गाड्यांची वजनं वाचली आणि आमची निवडली.

डिलिव्हरीचा दिवस. कापूर झाला, कोहळा झाला, नारळ झाला. कॉन्ट्रॅक्टर स्टिअरिंगवर बसले, गाडी दहा फूट पुढे आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते काच खाली करून म्हणाले, "लिंबं ठेवलीत ना?"

"चिरडली सर, मागे बघा!"

ते खाली उतरले. मागे जाऊन चारी लिंबांचा चोथा बघितला. चेहरा पांढराफटक!

"मला कळलंच नाही," ते म्हणाले. "काहीसुद्धा कळलं नाही."

तेव्हापासून ते चाळीसच्या वर जात नाहीत. मागचे हॉर्न वाजवून थकतात. सर्व्हिसिंगला आले की मला दरवेळी विचारतात, "मॅडम, हिच्यात कळण्याची काही सोय नाही का?"

* * *

आता माझा.

गेल्या डिसेंबरात वादळ येणार येणार म्हणत पाऊस आधीच आला आणि प्रदीपची शनिवारची पाळी चुकली. रविवारी त्याचे पाय सुजले. सोमवारी चालताना धाप लागायला लागली. मंगळवार चुकवून चालणार नव्हता.

सोमवारी दुपारी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. आमच्या शोरूमचं आवार खोलात आहे, त्यामुळे इशारा आला की डेमो गाड्या बाहेर हलवतात. "ज्याचं घर उंचावर आहे, त्याने एकेक गाडी घेऊन जा." मी हात वर केला. गल्लीतलं सगळ्यात खालचं घर माझं, आणि मी सगळ्यात आधी हात वर केला! साहेबांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

मंगळवारी सकाळी गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी. हॅचबॅकच्या सीटवर पाणी. पिकअप उभी होती. प्रदीपला कसाबसा वर चढवला, त्याची फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर दिली.

आणि मग लक्षात आलं की मी आयुष्यात कधी पाण्यातून गाडी नेलेलीच नाही! सात वर्षं हसऱ्या चेहऱ्याने सांगत आले, "पहिला गिअर, अॅक्सिलरेटर एकसारखा, मध्ये थांबायचं नाही, घाबरायचं नाही सर." हे सगळं मी ब्रोशरमधून पाठ केलं होतं. सांगणाऱ्याचं काय जातं!

बॉनेटपुढे पाण्याचा ढीग उभा राहिला. वळणावर मागची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली आणि गाडी कुशीला सरकली. खाली रस्ता आहे की उघडं गटार, काही दिसत नव्हतं.

"थांबायचं का?" प्रदीप म्हणाला.

"थांबता येत नाही!" मी किंचाळले. मी त्याच्यावर कधी ओरडत नाही हो.

पोचलो. डायलिसिस सेंटर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे कोरडं होतं. जिन्यात आणखी तीन पेशंट बसले होते, ट्रॅक्टरवरून आलेले. सिस्टर म्हणाली, वीज नाही. जनरेटरवर दोनच मशिनं चालतील, आणि डिझेल एका फेरीपुरतं आहे. उद्या येईल म्हणतात. पण मशीन लावणारा टेक्निशियन सेल्वमच आलेला नाही, तो तिरुमुल्लैवायलला घरात अडकलाय.

मी प्रदीपला जिन्यात बसवलं आणि पुन्हा पाण्यात गेले. एकटी.

सेल्वमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा, वरून खिडकीतून त्याची आई ओरडत होती, जाऊ नकोस म्हणून. त्याने गाडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"अक्का, एवढ्या पाण्यातून ही परत जाईल ना?"

हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेलाय. झोपेतून उठवलं तरी मी उत्तर देईन. पण तोंडून ते निघेना.

"तेरियादु, तंबी," मी म्हणाले. मला माहीत नाही, बाबा.

सेल्वमने घड्याळ आणि मोबाइल काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी शर्टात खोचली आणि आत येऊन बसला. काच पूर्ण खाली केली, एक हात बाहेर ठेवला. रस्ताभर तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी डोळे मिटू शकत नव्हते, नाहीतर मीही मिटले असते.

परत आलो तेव्हा पाऊस पुन्हा लागला होता. एका म्हाताऱ्या आजोबांची तब्येत बिघडली होती, त्यांना सिस्टरने आधीच आत घेतलं होतं. उरलं एक मशीन. जिन्यात प्रदीप, एक तरुण पेशंट आणि कमला टीचर. टीचर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या.

सेल्वमने हातमोजे चढवले आणि बाहेर येऊन विचारलं, "पुढचं कोण?"

सगळे प्रदीपकडे बघत होते. त्याच्या बायकोने टेक्निशियनला आणलं होतं, त्याचाच नंबर, कुणाची काही तक्रार नव्हती. त्याची धाप मला चार पायऱ्या खाली ऐकू येत होती. मी किल्ली पर्समध्ये टाकायला बघत होते, पण पर्सची चेन उघडेना.

प्रदीपने माझ्याकडे पाहिलं. मग सेल्वमला म्हणाला,

"टीचरना घ्या. आम्ही उद्या येऊ. आमच्याकडे गाडी आहे!"