बांधावरचं गाजरगवत

छबुबाईचं एकच मागणं होतं: बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटू द्या. त्यासाठी तिनं दिराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

चौसाळ्याच्या शिवारात इकडं तिचं सूर्यफूल, तिकडं धाकटा दीर अंगद याचं, आणि मधे एक बांध. वाटणी झाल्यापासून तो बांध म्हणजे दोन्ही घरांचं दुखणं. ज्यानं त्यावर विळा चालवला त्यानं बांधावर हक्क सांगितला, अशी भावकीची समजूत. म्हणून कुणी हात लावायचं नाही, आणि गवत कंबरेएवढं माजलेलं.

कृषी सहायकानं गावच्या बैठकीत सांगितलं होतं. या गवताच्या परागात सूर्यफुलाच्या रोगाचा विषाणू असतो. पराग वाऱ्यानं उडून पानावर बसतो, बारीक फुलकिडे पान खरवडतात आणि त्या ओरखड्यातून विषाणू आत शिरतो. मग शेंडा वाकडा होतो, फूल भरत नाही, आणि त्यावर औषध नाही. गवत स्वतः मात्र हिरवंगार राहतं. लेकीला, धनश्रीला, यंदा घरच्या तेलाचा डबा कबूल केलेला, म्हणून छबुबाईनं कान देऊन ऐकलं. अंगद पुढच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता.

"भावजी, बांध तुमचाच ऱ्हाऊ द्या. मला निस्तं गवत द्या," ती म्हणाली.

"आज गवत, उद्या बांध. आमी काय दुधखुळे हाव का, वहिनी?"

नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "बघू." चिडून तिनं चार झाडं उपटली, तर अंगदनं भावकी गोळा केली. सगळ्यांनी मिशांवरून हात फिरवत निकाल दिला: आधी सरकारी मोजणी होऊ द्या, मग गवताचं बघू. जळ्ळं ते शहाणपण! गवत काय मोजणीच्या तारखेसाठी थांबणार होतं?

ते फुललं. बांध पांढराफेक झाला, वारा सुटला, आणि छबुबाईच्या सूर्यफुलाचे शेंडे वाकडे व्हायला लागले. पानं करपली. लेकीचा डबा गेला, हे तिला रानात पाय ठेवताच कळलं.

पुढच्या आठवड्यात अंगद तणतणत बांधावर आला. पांढऱ्या फुलांत कंबरेपर्यंत बुडून उभा राहिला.

"वहिनी, तुमच्या रानातला रोग माझ्या रानात घुसलाय. माझं समदं पीक चाललंय!"

छबुबाईला रडावं की हसावं कळेना.

"मग अडवायचा की त्याला, भावजी," ती म्हणाली. "सांगायचं, बांध माझा हाय म्हून."