कपड्यांचं पाणी

आमच्या रो-हाऊसचं खालचं बाथरूम जिन्याखाली आहे. खिडकी लहान, उजेड बेताचा. त्याच्या टाइल्स फिकट निळ्या आहेत, पण मला कळायला लागल्यापासून मी त्या राखाडीच पाहिल्या होत्या. बोअरच्या पाण्यातला क्षार साचून भिंतीवर पांढरे ओघळ उमटले होते आणि टाइल्समधल्या फटी काळ्या पडल्या होत्या. त्यांचा मूळ रंग कोणता, हे आईलाही आठवत नव्हतं.

याच बाथरूममध्ये आत्या घसरून पडली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती कन्नडला राहते, तिचे यजमान गेल्यापासून एकटीच. एका लग्नासाठी आमच्याकडे आली होती. सकाळी अंघोळीला गेली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण डॉक्टरांनी बजावलं की पुढचे काही महिने वॉकरशिवाय चालायचं नाही आणि अजिबात एकटं राहायचं नाही.

"मग काय, आपल्याकडेच यायचं," बाबा म्हणाले.

"मी कन्नडला जाणार," आत्या हॉस्पिटलच्या पलंगावरून म्हणाली. "तुमच्या त्या न्हाणीत परत पाय ठेवणार नाय. मेले तरी नाय."

कन्नडच्या घरात तिला कपभर चहा करून देणारंही कोणी नव्हतं. हे तिला माहीत होतं, बाबांनाही. बाबा उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.

आत्यानं आमच्याकडेच राहावं असं मला फार वाटत होतं. का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी लहान असताना घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पळायचे. घराण्यात इंग्लिश मीडियममध्ये जाणारी मी पहिलीच, त्यामुळे चहा यायच्या आत कोणीतरी म्हणणारच, "पोयम म्हणून दाखव की." मला पोयम पाठ असायची, पण आवाज फुटायचा नाही. एकदा अशीच सगळ्यांसमोर उभी होते. ओठ हलत होते आणि काकामंडळी हसायच्या तयारीत होती. तेवढ्यात आत्या ओरडली, "अगं, दूध उतू चाललंय, पळ!" मी धावत स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये होतं. मी फ्रीजला टेकून उभी राहिले आणि हळूहळू माझा श्वास जागेवर आला.

पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, "काय मॅडम, वाचलं का दूध?"

त्यानंतर आत्या असेल तेव्हा आमच्याकडे दूध वारंवार उतू जाऊ लागलं. एरवी तीच मला सगळ्यात जास्त चिडवायची. "आमच्या मॅडमचं तोंड म्हंजे बँकेचं लॉकर. दोन चाव्या लागतात." पण ते घरातल्या घरात. परक्या माणसांसमोर तिनं मला कधीच उघडं पडू दिलं नाही. ती हे का करते, हे आम्ही दोघी कधी बोललो नाही.

म्हणून आईनं बाथरूम घासायला काढलं तेव्हा मीही ओढणी कमरेला खोचली.

बोअरचं पाणी पुरत नाही, म्हणून आमच्याकडे असली कामं नळ येतो त्या दिवशीच होतात. एकदा नळ आला की पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही, तोवर टाकी पुरवायची असते. बाबांनी औरंगपुऱ्याच्या बाजारातून ताठ केसांचे ब्रश आणि लिंबूसत्त्वाची पाकिटं आणली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अॅसिड ओता की, पाच मिनिटांत चकाचक." आई म्हणाली, "नको. टाइल चमकते, पण फटीतलं सिमेंट खाऊन टाकतं. मग टाइलच हलायला लागते. आता त्यांच्या पायाखाली काही हलायला नको."

आधी भिंती भिजवल्या. मग कोमट पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व फडक्यानं लावलं. ओघळांवर बारीक फेस आला की घासायचं आणि लगेच धुवायचं. फटींसाठी खायच्या सोड्याचा लगदा आणि जुने टूथब्रश. मी फटी घेतल्या. मला ते काम आवडलं. खाली मान घालून एका रेषेमागे जायचं आणि कोणाशी बोलायचं नाही. दुपारपर्यंत काळ्या रेषा उजळून दुधाळ पांढऱ्या झाल्या आणि टाइल्सचा निळा रंग वर आला. आई दारात उभी राहून बघत राहिली.

"अगं, हा रंग तुझ्या आत्यांनीच निवडला होता. घर बांधलं तेव्हा," ती म्हणाली. "मी गुलाबी म्हणत होते."

शेवटी फरशी धुतली. ओल्या फरशीवरून मी तळहात फिरवला तर ती खरबरीत लागली. पाऊल टेकवलं, ते रुतल्यासारखं स्थिर राहिलं. आईनं मग सवयीनं कोपऱ्यातली बादली उचलली आणि फरशीवर उपडी केली. तिच्यात वॉशिंग मशीनमधून निघालेलं साबणाचं पाणी होतं. आमच्याकडे ते कधीच फेकत नसत, बाथरूम त्यानंच धुवायचं. वरून चांगलं पाणी ओतणं म्हणजे उधळपट्टी.

मी पुन्हा तळहात फिरवला. तो सरकन पुढे गेला.

"आई, थांब. हात लावून बघ."

तिनं हात लावला. मग ती बादली घेऊन तशीच बसून राहिली. इतकी वर्षं आम्ही ज्यानं फरशी धूत होतो, त्याचाच थर तिच्यावर चढवत होतो.

"हे पाणी वापरायचं त्यांनीच शिकवलं मला," आई हळूच म्हणाली. "मी नवीन आले तेव्हा. कपड्यांचं पाणी फेकलंस म्हंजे लक्ष्मी फेकलीस, असं म्हणायच्या." मग म्हणाली, "त्यांना यातलं काही सांगू नको हं."

आम्ही चांगल्या पाण्यानं फरशी पुन्हा धुतली. साबणाची बादली संडासात ओतण्यासाठी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले. आत्यानं सामान कन्नडसाठी बांधायला सांगितलं होतं. मी वाटेत रिक्षात वाक्य जुळवत आले होते.

"आत्या, फरशी आता घसरत नाही. ओल्या फरशीवर मी स्वतः चालून बघितलं. तू आमच्याकडेच राहा."

आत्यानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"लॉकर उघडलं का काय?"

"खरंच सांगते."

"खोटं बोलायला आधी बोलायची सवय लागते, पोरी. तुला कुठली ती?" तिनं तुकडा तोंडात घातला. "सांग तुझ्या बापाला. पण जमलं नाय तर त्याच पावली कन्नड."

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ती वॉकर टेकत बाथरूमच्या उंबऱ्याशी आली. मागे बाबा, आई आणि ख्यालीखुशाली विचारायला आलेल्या शेजारच्या काकू. आत्या आत बघत राहिली. भिंत, फटी, मग तिची नजर रिकाम्या कोपऱ्यावर गेली.

"कपड्यांचं पाणी कुठं टाकता आता?"

"संडासात," आई म्हणाली.

आत्यानं फरशीकडे पाहिलं, मग आईकडे. "व्हय," ती म्हणाली. "तसंच करत जा."

तरी पाय उचलला जाईना. "घाबरू नको, धर मला," बाबा म्हणाले. "अहो, पडल्या कशा तुम्ही नेमक्या?" काकूंनी विचारलं. वॉकरवरची आत्याची बोटं पांढरी पडली होती. कोणालाही न घाबरणारी आत्या परकर नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून सगळ्यांसमोर उभी होती आणि तिचे ओठ नुसतेच हलत होते. ते मी लगेच ओळखलं.

"आई, दूध उतू चाललंय!" मी ओरडले.

माझा एवढा मोठा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. आई धावली, तिच्यामागे बाबा, आणि काय झालं ते बघायला काकूही.

आत्या माझ्याकडे वळली. "गॅस तरी चालू हाय का?"

"नाही."

ती हसली. तिनं माझा खांदा धरला आणि उजवं पाऊल ओल्या निळ्या फरशीवर टेकवलं. थोडा भार दिला, मग पूर्ण दिला. मग दुसरं पाऊल.

"अगं, दूध तर फ्रीजमध्ये आहे!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"दार लाव," आत्या म्हणाली. मी दार लावलं आणि बादलीत पाणी सोडलं.