गणपती उठल्यावरची छाटणी

लग्न होऊन खुटबावला आले तेव्हा आमच्या रानात खायच्या काळ्या द्राक्षांची बाग होती. मी कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला होते. तिथली माझी मैत्रीण पुढं नोकरी सोडून एका वाइनरीत गेली आणि तिनंच मला पिनो न्वारचं वेड लावलं. लाल वाइनची ही द्राक्षं मूळची थंड मुलखातली. साल पातळ, घड गच्च; ऊन सोसत नाही आणि ओल धरली की कुजतात. "तुमच्याकडं ती येणं अवघड आहे," हेही तिनंच सांगितलं. तरी मी सासऱ्यांकडं रानाचा एक कोपरा मागितला.

"लाव," आप्पा म्हणाले. "पर ह्या उन्हात टिकंल आसं वाटत न्हाई."

पहिल्या फळाला त्यांचंच खरं झालं. सगळ्यांसारखी ऑक्टोबरात छाटणी केली, तर घड पिकायला फेब्रुवारी सरला. उन्हानं मणी होरपळले. मैत्रिणीनं त्यांची थोडी वाइन केली, ती मुरंब्यासारखी लागली. ती म्हणाली, "आंबटपणाच उडालाय. फळ गार रात्रींत पिकायला हवं."

म्हणून पुढच्या वर्षी गणपती उठल्याबरोबर मी छाटणी काढली.

"पाऊस आजून गेला न्हाई," आप्पांनी बजावलं. "फुलोऱ्यात गाठलं तर डावणीची बुरशी सगळं खाईल."

पावसानं फुलोऱ्यातच गाठलं. कारखान्यात माझी पहिली शिफ्ट होती, रजा मिळाली नाही. दिवसभर लॅबमध्ये खिडकीकडं बघत काम केलं. घरी आले, तर आप्पा माझ्या कोपऱ्यात ट्रॅक्टरवर बसून ओळींमधून फवारणीचा ब्लोअर फिरवत होते.

"कुठलं औषध मारताय?"

"औषध न्हाई, नुसती हवा. पानावरचं पाणी झडाय पायजे. तू पलीकडनं येलींच्या तारा हलीव."

पाऊस उघडेपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो. निम्मे घड गेले. उरलेल्यांवर मावळतीकडची पानं मी सावलीसाठी तशीच ठेवली. मग थंडी पडली. कामावर जायच्या आधी रोज मी एक मणी तोंडात टाकायची. गोडी चढत होती, आंबटपणा हटत नव्हता. जानेवारीत उजाडताच तोडणी केली.

वाइन तयार झाल्यावर मैत्रीण बाटली घेऊन घरी आली. रंग इतका फिका, की सासूबाईंनी विचारलं, "पाणी घातलंय व्हय यात?"

"नाही हो, हिचा रंगच असा," मैत्रीण हसली. मी घोट घेतला. हलकी, अर्धवट पिकलेल्या करवंदासारखी आंबटगोड. मला फार आवडली.

आप्पा पीत नाहीत. त्यांनी पेला नाकाशी धरला, खाली ठेवला आणि मैत्रिणीला विचारलं, "हिला थंडी मानवती म्हंता ना? वढ्याकडंला लई गारठा बसतो. तिथली जुनी बाग तशीबी मोडायचीच हाय."

आप्पा आणि मैत्रीण लगेच ती जागा बघायला गेले. यंदा तिथं लावलेली पिनोची रोपं वाढून तारेला लागलीत. बांधायला सुतळी घेऊन आप्पा सकाळीच जातात. मी सुट्टीच्या दिवशी.