चुन्यात मुरलेले नाव

भट्टीत जळून चुना झालेल्या दगडावर जे नाव कोरले होते, ते खरोखर सांगितले गेले तेच होते हे आता कुणी आणि कसे ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर हाती नाही. आहे तो शोमारी म्फाउमेचा शब्द.

शोमारी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या किल्वा बेटावरचा चुना भाजणारा. एकेकाळी दक्षिणेकडच्या सोफाला बंदराचे सोने ज्या धक्क्यावर उतरत असे, तिथे त्याच्या शेळ्या चरत. पण बेटावरचे ते जुने, पडके शहर प्रवाळाच्या दगडाचे आणि चुन्याचे होते, आणि तसा चुना भाजणारा दुसरा हात बेटावर उरला नव्हता. म्हणून २००३ साली जुन्या मशिदीची डागडुजी निघाली, तेव्हा मुख्य भूमीवरून आलेले पुरातत्त्व खात्याचे अधिकारी ल्यिमो त्याच्याच दारी आले. अट एकच होती: पडक्या शहरातला एकही दगड भट्टीत जाता कामा नये.

ती पाळली गेली नाही. खाणीतला दगड यायला उशीर झाला आणि महालामागचा ढिगारा हाताशी होता; शोमारीच्या आज्यानेही तिथलाच उचलला होता. कांदळाच्या ओंडक्यांवर दगड रचले गेले, फातेहा हा कुराणातला पाठ म्हणून झाला, आणि मग कडेच्या एका दगडावर त्याला अरबी अक्षरे दिसली. मदरशात शिकलेल्या नजरेने ती वाचलीही. पण फातेहा झाल्यावर भट्टी उसकटायची नसते, उसकटली तर चुना धरत नाही, हे बापाचे सांगणे. त्याने आग लावली.

पुढच्या वर्षी ल्यिमोंना एका थडग्याच्या शिळेचा डावा अर्धा सापडला. त्यावर अरबीत ‘दाऊदची मुलगी’ एवढेच होते. अरबी उजवीकडून वाचतात, तेव्हा नाव उजव्या अर्ध्यावर असणार; त्यासाठी त्यांनी बेट पालथे घातले. रोज संध्याकाळी शोमारीच्या ओट्यावर कॉफी घेत ते त्या बिननावाच्या मुलीविषयी बोलत, आणि शोमारी शेळ्यांकडे पाहत राही.

त्याच्या बायकोला, झुहूराला, सारे ठाऊक होते.

“आशाचे बाबा, तोंड शिवून बसा,” ती म्हणाली. “मेलेलीला नाव मिळेल आणि जितीची चूल विझेल.”

“नाव आता फक्त माझ्यापाशी आहे. मी गेलो की तेही गेलं.”

“मग मला सांगा. तुमच्यापेक्षा मी जास्त जगणार आहे.”

तो हसला, पण सकाळी मशिदीत ल्यिमोंकडे गेला.

“साहेब, तिचं नाव रुकय्या.”

ल्यिमोंनी दगड कुठे आहे ते विचारले. शोमारीने उत्तरेकडच्या भिंतीवर तळहात टेकला. “हा इथं. मीच भाजला.”

“वाचलंत, आणि तरी भाजलात?”

“फातेहा झाला होता.”

ल्यिमो मुख्य भूमीवरच्या डोंगराकडचे, ख्रिस्ती; हा नेम त्यांना नवा होता. त्यांनी वही पुढे केली. शोमारीने अक्षरे काढली. तिसऱ्याशी अडखळला, खोडले, पुन्हा काढले.

“खात्री आहे, फुंदी?” फुंदी म्हणजे कारागीर; ल्यिमो त्याला अजून त्याच मानाने हाक मारत होते.

“डोळे म्हातारे आहेत, साहेब. पण रुकय्याच.”

त्याच आठवड्यात भट्टीचे काम दुसऱ्याला गेले. झुहूराने त्या दिवशी नारळातली मासळी रांधली, आणि जेवताना त्या मुलीचे नाव एकदा उच्चारून पाहिले.

बेटावरच्या अवशेषांच्या २००९ सालच्या सरकारी यादीत त्या अर्ध्या शिळेपुढे अशी नोंद आहे: ‘रुकय्या, दाऊदची मुलगी. नावाचा आधार तोंडी.’