खिळ्यावरची पाकिटं

यवतमाळकडच्या माझ्या मावसभावाच्या ओसरीत चिमण्यांसाठी ज्वारीची कणसं टांगलेली होती. त्याच खिळ्याला सुतळीत ओवलेली छोटी पाकिटंही लटकत होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"हे काय, दादा?"

"बीटी कपाशीच्या पिशवीसंगं येते. साधी सरकी. वावराच्या कडेनं लावा म्हंतेत, अळीसाठी." तो हसला. "अळीसाठी कोन पेरते?"

खरंच होतं. बीटी घ्यायचं तेच मुळी झाडातल्याच विषानं अळी मरावी आणि फवारणीचा खर्च वाचावा म्हणून. मग कडेच्या चार ओळी तिला कशाला खाऊ घालायच्या? पण त्यामागचा हिशेब लांबचा होता. कडेच्या साध्या कपाशीवर थोड्या अळ्या जगल्या, की बीटी न पचवू शकणाऱ्या अळ्यांची जात टिकते, बीटी पचवणाऱ्यांशी तिचा संकर होतो आणि पुढची पिढीही बीटीवर मरत राहते. नाहीतर उरतात त्या फक्त बीटी पचवणाऱ्या. हे मला ठाऊक होतं; तरी माझं वावर असतं, तर मीही पेरलं नसतं.

दादानं अंगणालगतच्या बीटी कपाशीचं हिरवं बोंड तोडून फोडलं. आत जिवंत गुलाबी अळी होती.

"आता बियाणंही महागाचं घ्या, अन् फवारेही मारा," तो म्हणाला. कुणावर चिडावं, हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात एक चिमणी आली आणि खिळ्याभोवती फडफडत राहिली. तिला कणसावर नीट बसता यावं म्हणून वहिनींनी पाकिटं काढून कोनाड्यात ठेवून दिली.