काळी चारला ताणलेली गिटार

लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. दुपारची भंडाऱ्याची गाडी आली आणि आमच्या मोहाडीकडचा ओळखीचा कंडक्टर पायरीवरूनच ओरडला, "नामदेवभाऊ, दौलतमास्तर गेले गा! काल सकाळी." मला वाटलं तो दुसऱ्या कुणाचं तरी सांगतो आहे. सत्तरीला टेकलेला माणूस, जाणारच, हे डोक्याला कळत होतं. पण मागच्याच उन्हाळ्यात भेटलो तेव्हा हेच मास्तर माझ्या दुकानातल्या एका रेडिओला कान लावून म्हणाले होते, "अबे, हा बोलते बरा, पन गाते नाकात." त्या दिवशी मी दुकानाची फळी खाली ओढली आणि त्याच गाडीनं परत निघालो. गाडीत खिडकीशी बसून मी चक्क रडलो. चाळिशीकडे झुकलेला माणूस एसटीत रडतो, लोक बघत होते, बघू देत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडं नाटकात पेटी वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात. दौलतमास्तरांची चार एकर धानाची शेती होती, ती त्यांच्या घरच्यांनीच केली, कारण मास्तरांचा जीव पेटीत. पंचक्रोशीत कुणी नवी पेटी घेतली की बैलबंडीत घालून आधी मास्तरांच्या ओसरीवर आणायची, अशी रीतच पडली होती. मास्तर डोळे मिटून एकेक पट्टी दाबत जायचे आणि शेवटी दोनच शब्द बोलायचे. 'खरी आहे' किंवा 'खोटी आहे'. बस. त्यापुढं अपील नाही. मास्तरांनी खोटी म्हटलेली पेटी गावात कुणी भजनालासुद्धा बसू द्यायचा नाही. लहानपणी मला हे कोर्टापेक्षा भारी वाटायचं.

आम्ही ढिवर. माझे बाबा, सोमाजी, तलावात जाळं टाकायचे. मला मात्र पाण्यापेक्षा सुरांची ओढ, आणि ती लावली मास्तरांनीच; तालमीत कोपऱ्यात बसू द्यायचे, हाकलायचे नाहीत. पुढं ऐंशीच्या सुमारास मी भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागलो. तिथं माझ्या शेजारच्या चाकावर काम करणारा एक सोबती ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ शिकलो. झालं, डोक्यात किडा शिरला. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन नागपूरच्या एका दुकानातून इलेक्ट्रिक गिटार आणली. होती त्यांतली सगळ्यांत स्वस्त. लालभडक, वर काळा पत्रा, दोन खटके आणि एक लांब वायर. दुकानदार म्हणाला, पसंत नाही पडली तर आठ दिवसांत परत आणा, मग मात्र आणू नका. घरी आलो तर बाबा बराच वेळ तिच्याकडं बघतच राहिले. मी कारखाना सोडून मास्तरांच्या नाटक मंडळात वाजवणार हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मले यातलं काई समजत नाही. मास्तरनं खरी म्हनली तं ठेव अन् वाजव. खोटी म्हनली तं परत कर अन् कारखान्यात जाय. मंग मले गानं-बजावनं सांगू नको." मी हो म्हणालो. माझं सगळं त्या एका शब्दावर येऊन टेकलं.

दिवाळी झाली होती. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, पाहुणे-रावळे आणि मग नाटक. आमच्या गावची मंडई दहा दिवसांवर आली होती. मास्तरांनी ओसरीवर गिटार मांडीवर घेतली, पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं. "बाप्पा! याले तं पोटच नाही. सूर राहते कुठं?" मी सांगितलं की हिचा आवाज लाउडस्पीकरातून येतो. तर त्यांनी काय करावं, गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि तार छेडली. हाडातून सूर ऐकला! नंतर मला कळलं की जाणते वादकसुद्धा असंच करतात. मास्तरांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. खूश झाले. मग म्हणाले, "हे जाडी तार कोन्या सुरात आहे?" मी म्हणालो, "पांढरी तीन." सोबत्यानं मला तसंच शिकवलं होतं, आणि गिटार बनतेच मुळी त्या ताणासाठी. मास्तर हसले. "पांढरी तीनात कोन गाते गा आपल्या मंडळात? आपली पेटी काळी चारात. चढव." म्हणजे प्रत्येक तार पेटीवरच्या चार पट्ट्यांनी वर.

इथं मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. ज्यांच्या पायाशी बसून सूर काय ते कळलं, त्यांना मी काय सांगणार, की मास्तर, तुमचं चुकतं? मास्तर खुंट्या पिळत गेले आणि मी बघत राहिलो. सगळ्यांत बारीक तार तटकन तुटून माझ्या मनगटावर बसली. मी जवळची दुसरी काढून दिली, तीही गेली. "कच्ची आहे," म्हणाले, आणि उरलेल्या पाच तारा काळी चारला आणून ठेवल्या. गिटार तीन दिवस तशीच, धनुष्यासारखी ताणलेली, त्यांच्या ओसरीवर टांगून राहिली.

चौथ्या दिवशी तालमीला सगळं मंडळ जमलं. लाउडस्पीकरवाल्यानं वायर जोडली. मी वाजवायला घेतली... आणि काय सांगू! खालचे पडदे ठीक, पण हात जसा वर सरकेल तसा सूर बेसूर. तारा पट्टीपासून बोटभर उंच उठलेल्या, दाबता दाबता बोटं सोलली. पेटी एक बोलते, गिटार दुसरंच. कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांनी हात वर केला आणि सगळ्यांसमोर तो शब्द उच्चारला. "खोटी आहे. परत करून दे, पोरा." त्यांचा आवाज कठोर नव्हता, उलट माझी कीवच होती त्यात. मला मात्र राग आला, भयंकर आला, आणि तो काढायला जागा नव्हती. घरी येऊन गिटार पोत्यात गुंडाळली. सकाळच्या गाडीनं नागपूर, आणि सोमवारपासून कारखाना, ठरलं.

सकाळी बाबा अंगणात जाळ्याचे बांबू नीट करत बसले होते. बांबूचं टोक डोळ्याशी धरायचं, एक डोळा मिटायचा आणि टोकापासून टोकापर्यंत बघायचं. कुठं बाक आला ते लगेच दिसतं. मी पोतं घेऊन निघालो तसं त्यांनी हाक मारली, "दाखव बरं एकदा." त्यांनी गिटारसुद्धा तशीच डोळ्यासमोर धरली. एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे वाकली आहे. आनली तवा अशीच होती का?"

मी म्हणालो, नाही, दुकानात तारा अगदी पट्टीला लागून होत्या.

"मंग वाकवली कोनं?"

आता नाव कुणाचं घेऊ! बाबांना उत्तराची गरज पडली नाही. "दोर जास्त ताणला का बांबू वाकतेच. बांबू खोटा नसते." एवढं बोलून ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि गिटार घेऊन थेट मास्तरांच्या घराकडं निघाले. मी मागं मागं. बाबा आयुष्यात कधी कुणाशी वाद घालायला गेलेले मला माहीत नव्हते. ओसरीखाली उभे राहून ते म्हणाले, "मास्तर, राग नका मानू. मी सुरातला नाही. पन बांबूतला आहे. हे वाकून राहिली, पाहा."

मास्तरांनी गिटार घेतली. बाबांनी धरली तशी डोळ्यासमोर धरली. मी त्यांचा चेहरा बघत होतो. तो आधी कोरा होता, मग उतरला... मग त्यांनी एकेक खुंटी सैल करायला घेतली. सगळ्या तारा लोळून पडल्यावर मला विचारलं, "पांढरी तीन म्हनत होता ना तू? काहून नाही अडवलं मले?" मी म्हणालो, "तुमाले कसं अडवू, मास्तर?" त्यावर ते चिडले, माझ्यावरच! "अडवाले पाह्यजे होतं! येवढा काय देव आहो मी?" आठ दिवसांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी बाबांकडं बघितलं. आता थांबलो आणि गिटारीची मान सरळ झाली नाही, तर दुकानदार घेणार नाही आणि माझ्या गळ्यात वाकडं लाकूड राहणार. बाबा एवढंच म्हणाले, "थांब. बांबू सैल सोडला का येते जाग्यावर."

गिटार मास्तरांच्या घरी राहिली. तीन दिवस तारा ढिल्या, पाट्यावर सपाट. मग पांढरी तीनला, हळूहळू. मान सरळ आली. पण मंडळ तर काळी चारात गाणार! त्यावर मास्तरांनी डोकं चालवलं. चौथ्या पडद्यावर बांबूची एक चपटी कामटी आडवी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी मागून आवळून बांधली. सगळ्या तारा एकदम चौथ्या पडद्यावर दाबल्या गेल्या आणि छेडलं तर काय, बरोब्बर काळी चार! ताण तेवढाच, सूर हवा तिथं. शिवाय सातवा पडदा किरकिरत होता, तो कारखान्याचा खरा दोष. पेटीचे सूर घासायची बारीक कानस घेऊन मास्तरांनी तोही घासून दिला. एक खटका खरखरायचा, तो मी उघडून साफ केला. माझ्या आजच्या धंद्याची सुरुवात ती. स्वस्तातल्या वस्तूत खोट असतेच, पण कुठली खोट तिची आणि कुठली आपण घातलेली, हे निवडायला त्या चार दिवसांत शिकलो.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदान फुललेलं. चिवडा-जिलेबीची दुकानं, बांगड्यांच्या पाट्या, एका बाजूला दंडार. मांडवात लाउडस्पीकरवाला माइक तपासत होता. मास्तर स्टेजवर चढले, त्याच्या हातातून माइक घेतला आणि बोलायला लागले. मला वाटलं नाटकाची वेळ सांगतील.

"मंडळी, तालमीत मी बोललो होतो का सोमाच्या पोराची गितार खोटी आहे. गावभर झालं ते. तं आयका. गितार खरी आहे. मीच तिले ताण ताण ताणली, मी वाकवली, अन् तिलेच खोटी म्हनलो. वाक पाहिला सोमानं. मले दिसला नाही."

पेटीच्या बाबतीत ज्यांच्या शब्दापुढं पंचक्रोशीत अपील नव्हतं, तो माणूस चार गावच्या पाहुण्यांसमोर भोंग्यातून स्वतःची चूक सांगत होता! मग बांगडीवाल्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "मंग वाजवून तं दाखवा!" सगळे हसले. मास्तरांनी मला वर ओढलं आणि स्वतः पेटीवर बसले. पहिले दोन सूर अडखळले, तिसऱ्याला पेटी आणि गिटार एक झाली... बाबा जिलेबीच्या दुकानाशी उभे होते. त्यांनी काही हात-बीत हलवला नाही. शेजारच्याला एवढं सांगताना मात्र दिसले, "माहा पोरगा आहे." मी पुन्हा कारखान्यात गेलो नाही.

त्यानंतर सहा हंगाम मी मास्तरांच्या शेजारी बसून वाजवलं. त्या मंडईनंतर मास्तरांचा निकाल द्यायचा वेग पार बदलला. पेटी आणणाऱ्याला म्हणायचे, "ठेवून जा. आठ दिवस माह्या संग राहू दे." लोक चेष्टा करायचे, मास्तर म्हातारे झाले म्हणायचे. म्हणोत. मला त्यातलं कारण ठाऊक होतं आणि त्या माणसाबद्दल फार प्रेम वाटायचं.

तेरवी झाल्यावर गेल्या रविवारी पुन्हा मास्तरांच्या घरी गेलो. काकूंनी, मास्तरांच्या बायकोनं, चहा केला आणि म्हणाल्या, "नामदेव, आत येऊन पाहा तं जरा. शहापूरच्या भजनी बायांची नवी पेटी पडून आहे. त्याइले काय सांगू?" मास्तरांच्या खोलीत, खाटेच्या उशाशी, ती पेटी होती. भात्यात एक चिठ्ठी खोचलेली, मास्तरांच्या मोठ्या वाकड्या अक्षरात: 'मधले दोन सूर हलके वाटतात. पेटीचा दोष की माझ्या कानाचा, पाहणे.'

मी खाली बसलो. भाता ओढला आणि मधले सूर एकेक करून दाबले, पुन्हा दाबले, सगळी पेटी वाजवून पाहिली. काकू दारात उभ्या होत्या. सूर हलके नव्हते. एकही नव्हता. म्हणजे शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि ते त्यांनी ओळखलं होतं. म्हणून पेटीला खोटी म्हणायचं त्यांनी थांबवून ठेवलं होतं.

"काय सांगू त्याइले?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"निरोप धाडा काकू," मी म्हणालो, "पेटी खरी आहे. मास्तरनं पाहून ठेवली आहे."