प्रितमचा पुकारा

प्रितम पहिल्यांदा दारात आला तेव्हा मला वाटलं, याचा घसा बसलाय. "जयभीम, मावशी," असं पुटपुटला, बुद्धपौर्णिमेच्या खिरीची वाटी हातात दिली आणि निघाला. इथे परदेशात, शॉमबर्ग गावात, आमच्या समोरच राहतो, मूळ नागपूरचा. आणि नोकरी काय, तर फेडरल कोर्टात पुकारा करायची.

कोर्ट कुठलं ते लिहीत नाही, सरकारी माणूस आहे तो. न्यायाधीश आत येताना "ऑल राइज", म्हणजे सगळे उभे राहा, असं म्हणायचं, तारखा लावायच्या, कागद सांभाळायचे. अकरा वर्षं त्यानं एकाच न्यायाधीशांकडे काम केलं. ते निवृत्त झाले आणि खुर्ची रिकामी पडली. इथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते, आणि ती नेमणूक तहहयात असते. मग घाई कोण करणार? चौदा महिने प्रितम आज या न्यायाधीशांकडे, उद्या त्या, असा बदलीवर फिरत राहिला. शेवटी जज हॅलोरन नावाच्या बाईंची नेमणूक मंजूर झाली.

"नवीन जज आपला स्टाफ स्वतः निवडतात, मावशी. शपथविधीचा पुकारा मला दिलाय. तिथे बाईंना पसंत पडलो तर ठीक, नाहीतर पुन्हा बदलीवर."

"मग मोठ्यानं बोल की."

"तीनशे लोक असतात यार, मावशी."

तीनशे! मी नाटकात हजाराच्या हॉलची शेवटची रांग माइकशिवाय गाठलेली बाई. त्याला आमच्या गराजमध्ये उभं केलं आणि समोरच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. "गळ्यातून नको, पोटातून. आणि हॉल शांत झाला की ती शांतता वाया घालवायची नाही."

पंधरा दिवसांनी शेजारची नीलांबरी म्हणाली, "काकू, मी पोळ्या उभ्यानंच लाटते. पण याचा आवाज आला की पुन्हा उभं राहावंसं वाटतं."

शपथविधीला त्यानं मला शेवटच्या रांगेत बसवलं. पद्धत अशी की आतून दारावर टकटक झाली की पुकारायचं. हॉल शांत झाला आणि पठ्ठ्यानं माझा धडा जरा जास्तच मनावर घेतला. टकटक व्हायच्या आधीच "ऑल राइज" असं काही घुमलं की तीनशे माणसं खाडकन उभी राहिली. दार मात्र बंदच.

मला माझाच एक प्रसंग आठवला. सांगलीच्या प्रयोगात एकदा नायकाची मिशी पडली. तो विंगेत ती शोधत होता तेवढा वेळ मी एकटी कागदी रोपांना पाणी घालत राहिले. हा किस्सा प्रितमला मी चारदा तरी ऐकवला असेल.

त्यानं दाराकडे पाहिलं, मग लोकांकडे. शांतपणे इंग्रजीत म्हणाला, "या खुर्चीनं चौदा महिने वाट पाहिलीय. आपण एक मिनिट पाहू या."

हॉलभर हशा पिकला. तेवढ्यात टकटक झाली आणि बाई हसतच आत आल्या.

नंतर चहाच्या वेळी त्या प्रितमकडे आल्या. "मी दाराआड उभी होते, पाय उचलत नव्हता. हशा ऐकला आणि उचलला. सोमवारी साडेआठला माझ्याकडे या. पण यापुढे माझ्या टकटकीनंतर."

"येस, युअर ऑनर," प्रितम पुटपुटला.

मी मागून म्हटलं, "पोटातून."

त्यानं पुन्हा म्हटलं. बसून केक खाणारे चार वकील बशीसकट उभे राहिले.